बेचाळीस फुटांची सवय

बस चालवणाऱ्या माणसाची पाठ खांद्यांपाशी संपत नाही. ती पार मागच्या चाकांपर्यंत जाते. कप्तानांची पाठ अशीच बेचाळीस फुटांची होती.

कप्तान हे नाव त्यांना डेपोने दिलं आणि ते घरापर्यंत आलं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही मागचं चाक फुटपाथवर चढवलं नाही. वळण आलं की आधी नाकासमोर पुढे जायचं, समोरच्या भिंतीला वाटावं की हा आता अंगावर येतोय, आणि मग सावकाश स्टिअरिंग फिरवायचं. मागचं धूड आपोआप वळतं. निवृत्तीनंतर त्यांनी छोटी गाडी घेतली, पण जित्याची खोड कुठे जाते? त्या चिमुकल्या गाडीलाही ते बसच्याच तोऱ्यात वळवत.

हमरस्त्यावर एक बर्गरचं दुकान होतं. गाडीतून न उतरता खाणं घ्यायची सोय तिथे होती. दुकानाला वळसा घालणारी अरुंद वाट, आधी एक बोलणारी पेटी, पुढे वळणावर खिडकी. कप्तानांना ती वाट डोळ्यांसमोर नको असे.

"माणसाने उतरावं, हात धुवावेत, खुर्ची ओढून बसावं," ते शेजाऱ्यांना सांगत. "इंजिनही चालू आणि तोंडही चालू, ही काय रीत झाली? बत्तीस वर्षांत चालत्या गाडीत मी शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नाही."

शेजारी माना डोलवत. लेक मात्र ओठ दाबून हसे. वर्षापूर्वी तीच त्यांना तिथे घेऊन गेली होती. कप्तानांनी वळण घेतलं ते बेचाळीस फुटांचं, आणि गाडी खिडकीपासून दीड हात लांब उभी राहिली. आतल्या मुलीने हात ताणला, कप्तानांनी हात ताणला, पिशवी मधल्या मध्ये लोंबकळली. शेवटी ते उतरले. मागे सात गाड्यांचे भोंगे वाजत होते. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना भोंगा दिला, त्याला उभ्या उभ्या सात भोंगे ऐकावे लागले. त्या दिवसापासून तत्त्व तयार झालं.

यंदा त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती शिवणकाम करणारी. शाळेचे गणवेश शिवून शिवून तिची नजर अशी तयार झालेली की माणूस दारात उभा राहिला की टेप न लावता छाती-खांदा सांगायची. ती बाई आता दोन महिने घराबाहेर पडली नव्हती. हातात वॉकर धरून चारचौघांत जायचं तिला जिवावर येई. कुणी भेटायला आलं तर ती वॉकर पडद्यामागे ढकलून बसायची. हळूहळू तिने खिडकीशी बसणंही सोडलं.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, त्या दुकानात जाऊ या का? गरम कॉफी आणि तळलेले बटाटे. गाडीतच बसून. मला उतरायचं नाही आणि कुणाला दिसायचंही नाही."

कप्तान म्हणाले, "जाऊ की." पण पुन्हा दीड हात लांब थांबलो, पुन्हा भोंगे वाजले, सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या, तर ही पुन्हा उंबरा ओलांडायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नवा मार्ग मिळाला की आधी पायी बघून यायचं, ही डेपोची शिस्त. कप्तान त्याच दुपारी एकटे गेले आणि त्या वाटेवर पावलं मोजू लागले. खिडकीतली मुलगी बाहेर वाकली.

"काका, इथे चालत येऊन ऑर्डर देता येत नाही."

"ऑर्डर कोण देतंय? रस्ता बघतोय."

"रस्ता आहे की तिथेच," ती म्हणाली. "पळून नाही जायचा."

"रस्ता नाही पळत, बाळ. गाडी पळते," कप्तान म्हणाले आणि पुढची पावलं मोजत गेले.

दुसऱ्या दिवशी बायको मागच्या सीटवर बसली, पाय सीटवर लांब सोडून, पाठ कप्तानांच्या मागच्या दाराला टेकवून. पेटीपाशी गाडी थांबली. पेटी म्हणाली, "नमस्कार, काय घेणार?"

कप्तानांनी आरशात बायकोकडे बघितलं. पेटीशी काय बोलायचं?

बायकोने आपली काच खाली केली. "दोन कॉफी, एक मोठे बटाटे. आणि बर्गर एकच, यांना चालत्या गाडीचं अन्न पचत नाही."

पुढे वळण आलं. कप्तानांनी सवयीने गाडी नाकासमोर नेली.

"अहो, कुठे निघालात? भिंतीला भेटायला?"

"मागचं चाक चढेल."

"मागे काही नाही हो आता. मागे फक्त मी आहे."

कप्तानांचे हात क्षणभर स्टिअरिंगवर थबकले. बायको मान वळवून काचेतून खालची कड बघत होती, कापड कापताना बघावी तशी.

"वळवा. अजून. एक वीत आहे अजून. आता चार बोटं... बास. शिवणीपुरती जागा राहिली. थांबा."

गाडी थांबली. आतल्या मुलीला कोपरही बाहेर काढावं लागलं नाही. तिने कप्तानांना ओळखलं.

"काका, आज गाडीतून?"

"रस्ता पास झाला," कप्तान म्हणाले.

पिशवी बायकोने आपल्या काचेतून घेतली. एकही भोंगा वाजला नाही. पुढच्या मोकळ्या जागेत कप्तानांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं, कारण तत्त्व ते तत्त्वच. कॉफीच्या वाफेने काच धुरकट झाली. बायकोने ती पदराने पुसली आणि बाहेर येणारी-जाणारी माणसं निवांत बघत बसली. कुणी तिच्याकडे बघितलं तरी तिने तोंड फिरवलं नाही.

मग एक बटाटा तोंडात टाकून ती म्हणाली, "मीठ कमी आहे. परत चला."

"परत? मिठासाठी?"

"खिडकीवर सांगायला नको? ती पोरगी चांगली आहे."

कप्तानांनी इंजिन सुरू केलं. पुन्हा पेटी, पुन्हा वळण. या खेपेला मागून मापं आली नाहीत. बायको बटाटे खाण्यात दंग होती. कप्तानांनी स्टिअरिंग वेळेवर फिरवलं आणि गाडी खिडकीला लावली. त्यांनी काचेतून वाकून खालच्या कडेपर्यंतचं अंतर पाहिलं.

दोन बोटं.