भोंग्यातली बाई

त्या शहरात तिला चेहऱ्याने ओळखणारी माणसं मोजकीच होती, पण तिचा आवाज ओळखत नाही असं पोरही सापडलं नसतं. पुलापासून पार वीटभट्ट्यांपर्यंत, नदीच्या दोन्ही काठांना लोखंडी खांबांवर भोंगे बसवलेले होते. धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली की त्या भोंग्यांतून ती बोलायची: "ऐका. धरणातून पाणी सोडण्यात येत आहे. पात्रात उतरू नका. पात्रात कोणी असाल, तर ताबडतोब वर या."

यातला पहिला शब्द खरं तर चुकून आला होता. ती धरणाच्या नियंत्रण कक्षात नोंदी ठेवणारी साधी कर्मचारी. आवाज द्यायला ज्यांना बोलावलं होतं, ते नाटकात काम करणारे गृहस्थ घसा बसला म्हणून आलेच नाहीत. साहेबांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि हिच्याकडे बोट केलं. माईकसमोर बसल्यावर सुरुवात कधी करायची ते कळेना, म्हणून तिने रेकॉर्डिंगवाल्याला हाक मारली, "ऐका..." त्याने बटण आधीच दाबलेलं होतं. पुढे तिने कागदावरचं सगळं एका दमात वाचलं. रेकॉर्डिंगवाला तेवढा शब्द कापायला निघाला होता, पण साहेब म्हणाले, राहू दे, बाईमाणसाने असं म्हटलं की माणूस हातातलं काम थांबवतो.

आणि खरंच थांबायचा. तेव्हापासून ती ऐकाताई झाली. तिचा नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, की लग्न झाल्यापासून 'अहो, ऐका' हा माझा एकट्याचा हक्क होता, आता हिने तो अख्ख्या गावाला वाटून टाकला. ती वरवर चिडायची. पण भोंगे वाजले की पात्रात गाड्या धुणारे, गळ टाकून बसलेले, वाळूत क्रिकेट खेळणारे सगळे मुकाट वर चढतात, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघताना तिचा ऊर भरून यायचा. आयुष्यात तिचं म्हणून एवढंच होतं. तिच्या शब्दाला माणसं हलत होती.

तिच्या बहिणीचा मुलगा एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पोरं मेहनती होती, पण त्यांचा पहिला अल्बम कधी आला आणि कधी गेला ते त्यांच्या आयांनासुद्धा कळलं नव्हतं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांनी प्रसिद्धीसाठी एक मुलगी गाठली. केस बारीक कापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी, चहा गार होईपर्यंत कप हातात धरून ठेवणारी. ऐकाताईच्या मुलीने, म्हणजे भिंगरीने, पहिल्याच दिवशी तिचं नाव 'व्हायरल मॅडम' ठेवून दिलं.

भाचा तिला मावशीकडे घेऊन आला, तो ऐकाताईच्या सुट्टीचा, पण नेमका दरवाजे उघडायचा दिवस होता. खिडकीतून भोंग्याचा आवाज आला, तशी व्हायरल मॅडम कप धरून ताठ बसली. मग स्वयंपाकघरातून हाच आवाज "साखर किती घालू?" असं विचारत बाहेर आला आणि तिच्या अंगावर काटा आला, असं तिने स्वतःच सांगितलं.

तिचं म्हणणं साधं होतं. गाणं ऐका म्हणून सांगितलं की कुणी ऐकत नाही. लोकांना शोधायला लावायचं, थोडं घाबरवायचं, मग ते आपणहून एकमेकांना सांगत सुटतात. शहरभर भिंतींवर साच्याने एक कान रंगवायचा, खाली फक्त फोन नंबर. त्यावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येणार आणि एक आवाज काहीतरी अर्धवट सांगून बंद होणार. अल्बमचं नावही तिने तिथल्या तिथे बदलून टाकलं: 'ऐका'.

ऐकाताई म्हणाली, ऑफिसचं रेकॉर्डिंग बाहेर देता येत नाही.

"ऑफिसचं कुणाला हवंय? आम्हाला मावशी हवी आहे," व्हायरल मॅडम म्हणाली.

इथेच ती फसली. इतकी वर्षं लोकांना आवाज हवा होता. मावशी हवी, असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. तिने मनाशी हिशेब केला, की पाण्याचं, धरणाचं, पात्राचं नाव घ्यायचं नाही, मग यात वाईट ते काय? साहेबांना विचारायचं तिच्या मनात आलं होतं, पण विचारलं की ते नाही म्हणणार हे माहीत असल्याने तिने विचारलंच नाही.

कपाटातल्या गोधड्या काढून भिंतींना टांगल्या, खोलीचा घुमारा मारला, आणि दुपारभर ती माईकसमोर बसून मॅडमच्या मोबाइलवरची वाक्यं वाचत राहिली. ऐका, ते निघाले आहेत. ऐका, मागे वळून पाहू नका. ऐका, आता फार वेळ नाही. भिंगरी दाराआड तोंडावर ओढणी दाबून हसत होती. शेवटी मॅडमने एक छोटं वाक्य वाचायला दिलं: "ऐका, खाली या." ऐकाताईने विचारलं, खाली म्हणजे कुठे? भाचा म्हणाला, अगं मावशी, तळघरातल्या स्टुडिओत, दुसरं कुठे. तिने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त मायेने.

आठवड्याभरात कान सगळीकडे उमटले. शाळेच्या कुंपणावर, औषधाच्या दुकानाच्या शटरवर, पुलाच्या कठड्यावर. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोराने फोन स्पीकरवर टाकला आणि ऐकाताईने स्वतःलाच म्हणताना ऐकलं, की आता फार वेळ नाही. पोरं खिदळली. एका म्हातारीने घाबरून पिशवी छातीशी धरली. ऐकाताईला हसू आलं, पण म्हातारीकडे बघायचं तिने टाळलं. मग लोकांनी त्या आवाजाचे तुकडे करून नाचाच्या व्हिडिओंना लावले, लग्नाच्या आमंत्रणाला लावले, कुणी तर बाळ झोपेतून दचकून उठतं त्यालाही लावले. भाचा रोज फोन करून सांगायचा, मावशी, तू पेटलीस.

मग महिन्याची चाचणी आली. दर महिन्याला एकदा, पाणी सोडायचं नसलं तरी भोंगे वाजवून बघायचे, असा नियम होता. तिने बटण दाबलं आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं. पात्रातली माणसं जागच्या जागी उभी होती. कुणीच वर चढत नव्हतं. काहींनी हात उंच केले होते, आणि त्या हातांत मोबाइल होते.

थोड्या वेळाने पुलावरच्या चौकीदाराचा फोन आला. शिटी वाजवून वाजवून घसा फाटलेला, तोंडाचा फटकळ माणूस. आज तो हळू बोलत होता.

"ताई, आज कुणी हललं नाही. एकाने तर टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली, सगळं कबूल केलं आणि म्हणाली, माझा आवाज काढा, दुसऱ्या कुणाचा तरी घाला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. रेकॉर्डिंग वरून मंजूर झालेलं, बदलायचं तर वरून परवानगी, आणि ती येईपर्यंत आहे तेच चालवावं लागेल. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती."

भाच्याला तिने मोहीम बंद करायला सांगितलं. त्याने ते हसण्यावारी नेलं. आता शेवटचा फोन तेवढा राहिला होता, त्यात सगळ्यांना जागा कळणार, तिथे बँड अचानक वाजवणार, आणि संपलं. जागा कुठली, ते मात्र सांगायला तो तयार नव्हता. आधी कळलं तर मजा काय?

त्यानंतरच्या रविवारी शहरावर लख्ख ऊन होतं. पण वरच्या डोंगरात सकाळपासून आभाळ फाटलं होतं आणि वरच्या धरणाने काही न विचारता आपलं पाणी खाली ढकललं होतं. नियंत्रण कक्षातला आकडा चढत होता. साहेब सुट्टी सोडून आले, आकड्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, आता थांबवता येणार नाही, भोंगे वाजवा.

तिने पडदा पाहिला आणि हात बटणावरच राहिला. पुलाखालच्या वाळूत माणसंच माणसं होती. मधोमध एक टेम्पो, त्यावर काळे खोके, तारा, आणि चकाकणारी ड्रमची गोल तबकं. अजून पुलाच्या पायऱ्यांवरून पोरं-पोरी घोळक्याने उतरत होत्या. प्रत्येकाच्या फोनवर तासाभरापूर्वी तोच शेवटचा कॉल आला होता, आणि पाठोपाठ पुलाचा पत्ता. ऐका, खाली या.

भिंगरी घरी नव्हती. मैत्रिणीकडे जाते म्हणाली होती.

ऐकाताईने बटण दाबलं. भोंगे बोलले, आणि पहिल्या शब्दालाच खालून असा एक जल्लोष उठला, की बंद खिडकीतूनही तो ऐकू आल्यासारखा वाटला. पुढचं कुणी ऐकलंच नाही. तिने पुन्हा दाबलं. आता गर्दी तिच्याबरोबर म्हणू लागली होती; ओठ एकदम हलताना पडद्यावर दिसत होते. चौकीदाराचा फोन आला. तो शिटी वाजवत पायऱ्यांवर उभा होता आणि पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. भाच्याचा फोन उचलला जात नव्हता. भिंगरीचा वाजत होता, वाजत होता.

"ताई, दरवाजे उघडायला घेतोय," साहेब म्हणाले.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं आणि कधीच कुणी न वापरलेला थेट माईक ओढला. बोलायला तोंड उघडलं, तर तोच शब्द ओठांवर आला. तिने तो गिळला. तो आता तिचा राहिला नव्हता. आणि मग जे बाहेर आलं, ते गावाने कधी ऐकलं नव्हतं, ऐकलं होतं ते फक्त तिच्या घराने.

"ए भिंगरे. ऐक. मैत्रिणीकडे जाते म्हणून खोटं बोललीस ना? वर ये आधी. आत्ताच्या आत्ता. चपला राहू देत तिथे. तुझ्या त्या दादालाही कानाला धरून वर आण. पाणी सुटलंय गं, खरंच सुटलंय. मी काही वाचत नाहीये आता."

पडद्यावर हात हळूहळू खाली आले. कुणीतरी हसलं असेल, पण घरी आईचा असा आवाज ऐकलेला नाही असं तिथे कोण होतं? कडेचे आधी हलले. मग एक मुलगी टेम्पोवर चढली, ड्रमवाल्याचा हात धरून ओढायला लागली, आणि मग सगळीच गर्दी पायऱ्यांकडे लोटली. ऐकाताई बोलतच राहिली. भिंगरीला, भाच्याला, ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना, अरे बाळा, अगं निळ्या ड्रेसवाली, तू काय बघत उभी आहेस. पाणी आलं तेव्हा वाळूत टेम्पो होता, खोके होते आणि खूप चपला होत्या. माणूस नव्हता.

रात्री भिंगरी तिच्या कुशीत शिरून रडली. भाचा दारात उभा राहिला, आत आला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण वाळूत हात खाली आले तरी त्यांतले फोन सगळं टिपतच होते. दोन दिवसांत 'ए भिंगरे, ऐक' घराघरांत पोचलं. बँडने अल्बमच्या पहिल्या गाण्याची सुरुवातच त्याने केली. कुणाला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आता ते कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. व्हायरल मॅडमचा निरोप आला, की इतकं अस्सल कुणाला लिहूनही जमलं नसतं. लोकांना ती दुपारसुद्धा मोहिमेचाच भाग वाटली. पाणी ठरवून सोडलं, बाई ठरवून ओरडली. पेपरातही एकाने तसं लिहिलं. रेकॉर्डिंग बदलायची परवानगी वरून अजून आली नव्हती.

पुढच्या वेळी दरवाजे उघडायचे होते तेव्हा तिने बटण दाबलं, थेट माईकवर बोलून पाहिलं आणि पडद्यावर पाहिलं. लोक माना मागे टाकून हसत होते. तिने खुर्ची सरकवली, साहेबांना म्हणाली, मी खाली जाते, आणि ते काही बोलायच्या आत जिना उतरली. पुलापर्यंत रिक्षा, पुढे पायऱ्या. चौकीदार पलीकडच्या काठावरच्या पोरांना हाताला धरधरून वर काढत होता.

वाळूत एक माणूस आपली गाडी धूत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बादली शेजारी. ती धापा टाकत त्याच्यापाशी पोचली. भाऊ, चला वर, पाणी येतंय, एवढंच म्हणाली.

तो फडकं थांबवून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही त्याच ना? आवाजावरून लगेच ओळखलं." त्याने ओले हात शर्टाला पुसले आणि खिशातून फोन काढला. "ताई, एकदा म्हणा ना. घरच्यांना दाखवतो."

तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि ओढलं. तो हसत हसत, पाय रोवून, फोन उंच धरून उभा राहिला. त्याच्या मागे, गाडीच्या चाकांखालची वाळू ओली होऊन काळी पडत चालली होती.