तांब्याच्या दाराची वरची फळी

शमुवेलमामा गेले त्या सकाळी सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. भाच्यांमध्ये मी हिशेबी, म्हणून असली कामं माझ्याकडेच येतात. सगळ्यांत शेवटचा फोन पंजाबातल्या एका घोड्यांच्या फार्मला केला. तिथल्या व्यवस्थापकांनी विचारलं, "आणि घोडा? तो तर ते दिवाळीनंतर नेणार होते..."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा घोडा तांब्या एकदा घरी, कोल्हारला, परत यावा ही मामांची इच्छा मात्र घरात सगळ्यांना माहीत होती.

मामांची उभी नोकरी भिंगारला, लष्कराच्या घोड्यांमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हारला प्रवरेजवळ थोडी जमीन घेतली आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून उतरलेला एक तांबडा घोडा आणला. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मार्थामामींनी पहिल्याच दिवशी त्याचं तांब्या करून टाकलं. त्याची कामगिरी मी स्वतः तपासली होती. एकोणीस शर्यती, दोन विजय, सात वेळा दुसरा. शेवटच्या वळणापर्यंत हा पुढे असायचा. मग शेजारी दुसरा घोडा आला की त्याच्या खांद्याला खांदा लावून पळायचा, त्याला मागे टाकायचाच नाही. जॉकी वैतागायचे. मी आकडे मांडले तेव्हा मामा म्हणाले, "अरे, हरला तरी किती अंतरानं हरला ते बघ की. पाय लई चांगले हाईत. सोबत सोडवत न्हाई त्याला, एवढंच."

पैदाशीसाठी वळू म्हणून त्याला ठेवल्यावर या धंद्यातली खरी अडचण मला कळली. घोडी गाभण राहिली की शिंगरू व्हायला अकरा महिने, ते शर्यतीत उतरायला आणखी दोन-अडीच वर्षं. म्हणजे वळू कसा आहे ते चौथ्या वर्षी कळणार. तोवर लोकांनी आपल्या घोड्या पाठवायच्या त्या निव्वळ भरवशावर. पहिल्या वर्षी आठ आल्या, दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी एकच आली, तीही म्हातारी. पागेच्या दाराला वर-खाली, वेगवेगळ्या उघडणाऱ्या दोन फळ्या होत्या, त्यातली वरची मामा कधी लावत नसत. तांब्या तिथून मान बाहेर काढून दिवसभर रस्त्याकडे बघत उभा राहायचा. ते मामांना बघवेना. पंजाबातल्या त्या फार्मवर मोठा कळप होता. मामी म्हणाल्या, "एक साल थांबा. पोरं तर पळू द्या त्याची." मामा थांबले नाहीत, तांब्याला तिकडे देऊन टाकलं.

पुढच्याच मोसमात पहिली शिंगरं पळाली. सहा उतरली, चार जिंकली. पाय बापाचे, सोबतीची खोड मात्र कुणातच नाही. मग कोल्हारचा फोन वाजायला लागला. घोडा आता आमच्याकडं नाही, असं मामा प्रत्येकाला शांतपणे सांगत आणि फार्मचा पत्ता देत. मामी चिडवायच्या, "पाटीच लावा की दारावर, म्हंजे बोलायचं तरी वाचंल." मामा हसायचे, पण मग रिकाम्या पागेकडे एक चक्कर मारून यायचे.

वर्षं गेली, तांब्याची पोरं जिंकत राहिली. मामा एकदा त्याला बघून आले. "खूश हाय," एवढंच म्हणाले. तुमचं काम झालं की तो मला द्या, असा शब्द मात्र त्यांनी घेतला होता. दर नाताळला शुभेच्छांचा फोन करून ते त्या शब्दाची आठवण करून देत.

या उन्हाळ्यात फार्मनं शब्द पाळला आणि मामांना फोन केला. मामा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. घरात त्यांनी काही सांगितलं नाही. पायात जरा बळ येऊ द्या, दिवाळीनंतर मीच न्यायला येतो, असं फार्मला कळवलं... थांबायला हवं होतं तेव्हा मामा थांबले नाहीत, आणि या खेपेला थांबले.

दफनविधीनंतर मी मामींना हे सांगितलं. रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "नको आणू. तिथं कळपात हाय. इथं कुणाची वाट बघत उभा राहील?"

तसं मी फार्मला कळवलं.

परवा कोल्हारला गेलो होतो. रिकाम्या पागेची वरची फळी वाऱ्यानं आपटत होती. मी ती लावायला गेलो तर ओट्यावरून मामींचा आवाज आला, "ती राहू दे."

मी फळी पुन्हा मागे ढकलली आणि भिंतीच्या आकडीत अडकवली.