आईची मागची लिफ्ट

घाटकोपरची खोली सोडली त्या दिवशी, सामान टेम्पोत चढत असताना बाबा गॅलरीतल्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरीची सर्विस पवईला ना, म्हणून जातोय." सर्विस. सरळ 'वि'. चाळीत हा शब्द छाती पुढे काढून बोलला जायचा. मुलगा सर्विसला आहे म्हटलं की स्थळं यायची.

पवईच्या टॉवरमध्ये तोच शब्द खालचा ओठ दातांखाली दाबून म्हणतात. सर्व्हिस चार्ज. गाडीची सर्व्हिस. आणि सर्व्हिस लिफ्ट, म्हणजे कचरा, सिलिंडर, कुत्री आणि कामवाल्या बायका यांची.

चाळीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हाला सांगायलाच हवं. गेल्या रविवारी पुढची लिफ्ट तासाभरासाठी बंद होती, म्हणून मी मागच्या लिफ्टपाशी गेले. दार उघडलं. आत आई. हातात मासळीची पिशवी, शेजारी उभी, टॉवरमध्ये पोळ्यांची कामं करणारी शोभा.

"तू इथं कशी?"

"रोजचीच," आई म्हणाली.

राहायला आलो त्याच आठवड्यात वॉचमनने तिला अडवलं होतं. "मावशी, कामवाल्यांची लिफ्ट मागं." वर्षभर ती मागूनच येतेय. मी मोर्च्यांत माईक धरून समतेवर बोलतेय, आणि माझ्याच घरात हे चाललंय.

"त्याला सांगितलं नाहीस, तू कोण ते?"

"काय सांगू गो? मी कामवाली नाय म्हणून? मग हिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

शोभा हसली. "ताई, तुमची पत्रकं सगळ्या मुंबईत वाटता. आमच्या लिफ्टमध्ये एक तरी लावायचं ना."

त्याच संध्याकाळी लावलं, आईला कसं अडवलं ते आणि दोन्ही लिफ्ट सगळ्यांच्या, असं लिहून. दोन्ही लिफ्टमध्ये. सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले, अगदी गोड बोलले. "मॅडम, तुमच्या मदरच्या बाबतीत मिस्टेक झाली. त्या पुढून येऊ देत. बाकीच्यांचा विषय कशाला?"

आई आतून म्हणाली, "मग मी मागूनच येईन."

पत्ता विचारलात तर पवईचा देईन. पण कपडे बघून कोणी कुठून वर जायचं हे जिथं ठरतं, त्याला घर म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुम्ही या. पुढच्या लिफ्टने या. अडवलं तर भांडू नका, हलूही नका. तिथंच उभे राहून मला फोन करा. मी, आई आणि शोभा खाली येतो.