इतिहासाची तागडी

छडीचं टोक जमिनीवर टेकवायचं आणि म्हणायचं, "आधी उभे कुठे आहात ते सांगा. मग जगाच्या गोष्टी." गुरुजींचा भूगोलाचा तास रोज असा सुरू व्हायचा. जव्हारच्या शाळेत ते इतिहास आणि भूगोल शिकवत. घाटावरून आलेले, उंच, किडकिडीत, डोक्यावरची पगडी नेहमी जराशी डावीकडे कललेली.

शाळेसमोर बाजारात माझं दुकान होतं. हिरडा, मध आणि डिंक घ्यायचा, मीठ आणि कापड द्यायचं, हा माझा धंदा. मोखाड्याकडच्या पाड्यावरून डोक्यावर ओझं घेऊन मी जव्हारात आलो आणि कुणाच्या मेहरबानीशिवाय दुकान उभं केलं. माणूस पारखण्यात मी सहसा फसत नाही. या माणसाने मात्र मला बराच काळ चकवलं.

भूगोलाच्या तासाला मुलं वर्गात नसायचीच. गुरुजी त्यांना गावाबाहेरच्या शिरपामाळावर नेत. वारा कुठून येतो, झाडं एकाच बाजूला का कलली आहेत, पाणी कुठल्या उतारावरून पळतं, सगळं डोळ्यांनी पाहायला लावत. कुणी पुस्तकातलं घोकून म्हणालं की चिडत. "पुस्तक लिहिणारा इथे आला होता काय? तू आलायस ना? मग तुझं सांग!"

मुलं परत येताना गात, ओरडत, खिशांत दगड भरून येत. माझ्या दुकानासमोर धुरळा उडे. मी ओरडे, "गुरुजी, माझ्या मिठात माती जाते!" ते म्हणत, "शेठ, ती शिरपामाळाची माती. वजनात धरू नका म्हणजे झालं." मला हसू येई, पण मी दाखवत नसे.

तेच गुरुजी इतिहासाच्या तासाला कुणी ओळखले नसते. दारं लावलेली, मुलं मांडी घालून बसलेली, आणि त्यांची नजर पुस्तकावरून हलत नसे. शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबल्याचं ते शिकवत, तेही भिंतीकडे तोंड करून. खिडकी उघडली असती तर तोच माळ दिसला असता! कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "कागद काय म्हणतो?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. वाईट नसतात, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की वेगळीच होतात.

एकदा वर्गात जुन्या वाटांचा विषय निघाला. वाटा राजे बांधतात, सरकार बांधतं, असं गुरुजी सांगत होते. माझा मुलगा लहानू उभा राहिला. "गुरुजी, आमच्या पाड्याचा घाट माझ्या पणज्यानं बांधला."

"कागद काय म्हणतो?"

"कागद नाय, गुरुजी."

"मग खाली बस. ही गोष्ट झाली. इतिहास नव्हे."

वर्ग हसला. लहानू घरी आला तो पाटी कोपऱ्यात ठेवून बसला. शाळेत जाणार नाही म्हणाला. मी समजावलं, ओरडलो, हातही उगारला. तो एवढंच म्हणाला, "बाबा, आपला पणजा खोटा व्हता का?"

आमच्या घरातला शाळेची पायरी चढलेला तो पहिला. त्याने शिकावं म्हणून मी जव्हारात राहत होतो, नाहीतर धंदा मोखाड्यातही झाला असता. डोकं भणभणलं. तसाच उठून शाळेत गेलो.

"गुरुजी, मी दुकानात दोन तागड्या ठेवल्या, घ्यायची एक आणि द्यायची एक, तर लोक मला काय करतील?"

"ठोकतील," गुरुजी म्हणाले.

"मग तुम्हाला कुणी ठोकायचं? माळावर म्हणता, डोळ्यांनी पाहिलं ते खरं. वर्गात म्हणता, पाहिलेलं खोटं, कागद खरा!"

गुरुजींचा चेहरा उतरला. पण माणूस हट्टी. "शेठ, वारा आजही वाहतो, तो पाहता येतो. तुमचा आजोबा आज दिसत नाही. आठवणीवर विश्वास ठेवला तर प्रत्येकाचा आजोबा राजा होईल."

खरं सांगतो, मुद्दा मला पटला. म्हणून राग आणखी वाढला. मी म्हणालो, "सौदा करू. पाऊस उघडला की आमचे लोक वाट दुरुस्त करतात. तुम्ही या. नाही पटलं तर पोराला मी कान धरून आणून बसवतो. पटलं तर वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचं, माझं चुकलं."

"येतो," गुरुजी म्हणाले. "म्हणायचं काय ते मी ठरवीन." अर्धाच सौदा झाला. अर्धा सौदा मी आयुष्यात तेवढाच केला.

आमच्या घाटाची रीत अशी. भातकापणीच्या आधी पाड्यावरचे सगळे मिळून पावसाने उखडलेले दगड बसवतात, कारण नंतर लादलेले बैल याच वाटेने जायचे. वरून खाली काम करत येताना माझा थोरला चुलता प्रत्येक वळणावर थांबतो. तिथला मोठा धोंडा ज्याने बसवला, त्या गेलेल्या माणसाचं नाव दरीकडे तोंड करून पुकारतो. बाकीचे एका आवाजात म्हणतात, "व्हता!" मग पुढचं वळण.

गुरुजी छडी टेकत, धापा टाकत आमच्या मागून येत होते. लहानूचा पणजा म्हणजे माझा आजा; त्याचं नाव पुकारलं गेलं. सगळे ओरडले, "व्हता!"

गुरुजींनी चुलत्याला विचारलं, "बाबा, उद्या मी माझ्या आजोबांचं नाव सांगितलं तर तेही पुकाराल?"

चुलता हसला. "तुजा आजा इठं आला व्हता का? धोंडा बसवताना ज्यानं डोळ्यांनी पाह्यला, त्यानं त्याच वळणावर उभं राहून सांगाय लागतं. सगळ्यांच्या म्होरं. खोटं बोलला तर त्याचाच शेजारी त्याला पाडतो. पाह्यणारा नाय, तर नाव नाय."

गुरुजी छडीचं टोक त्या धोंड्यावर टेकवून उभे राहिले.

दुपारी सगळे भाकरी खायला ओढ्याकडे उतरले. पाण्याचं भांडं विसरलं म्हणून मी परत वर गेलो, तर खालच्या वळणावर गुरुजी एकटेच होते. पगडी बाजूला काढून ठेवलेली. वाटेच्या कडेचा एक डुगडुगणारा धोंडा त्यांनी उपसला, फिरवला, खाली दगडाच्या चिपा सारल्या, पुन्हा बसवला. वर उभे राहून पाहिलं. हलला. परत काढला. शेवटी पक्का बसला तेव्हा हात धोतराला पुसून ते खाली आले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मनात मात्र म्हणालो, हा माणूस दगडाची माफी मागेल, माझ्या पोराची मागणार नाही.

आणि नाहीच मागितली! पुढच्या इतिहासाच्या तासाला दारं उघडी होती, एवढंच. गुरुजींनी विचारलं, "कागद काय म्हणतो?" आणि थोडं थांबून, "पाहणारा काय म्हणतो?" मुलांना सांगितलं, आपापला पाडा कुणी वसवला ते घरी विचारा, ते सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं तेही विचारा, मग दोन्ही ताडून पाहू. वर्गात इतका कालवा झाला की हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. हे सगळं शेजारच्या पोराकडून कळलं, तसा दुसऱ्या दिवशी लहानू आपणहून पाटी घेऊन निघाला. गुरुजींनी पहिला त्यालाच उभा केला. त्याने पणज्याचं सांगितलं. कुणी हसलं नाही.

"मग, चुकलं म्हणाले का?" मी विचारलं.

"नाय बाबा. पण खाली बस बी नाय म्हनाले."

लहानूला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. ज्या तोंडाने पोराचं हसं केलं, त्याच तोंडाने ते पुसायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं गुरुजी दुकानात येत, मधाच्या भावावरून आम्ही कडाकडा भांडत, पण तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मग ते हिवतापाने खंगले, घाटावर आपल्या गावी गेले आणि तिकडेच वारल्याचा निरोप आला.

त्या वर्षीही वाट दुरुस्त झाली. लहानू आता बाप्या झाला होता, माझ्या बरोबरीने दगड उचलत होता. चुलता पार वाकला होता, पण पुकारायला तोच. खालच्या वळणावर आला आणि थबकला; कडेचे बाकीचे धोंडे पावसाने वाहून नेले होते, एकच जागेवर होता. "ह्यो धोंडा आपल्यातल्या कुनाचा नाय. कुनी बसवला?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पाहणारा मी एकटा होतो. माझा अर्धा सौदा अजून तसाच होता. मी धोंड्यावर पाय देऊन दाबून पाहिला. कित्येक पावसाळे गेले, तरी तो तसूभर हलत नव्हता.

"गुरुजींनी बसवला," मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

लहानूने वळून माझ्याकडे पाहिलं. चुलत्याने विचारलं, "आन नाव काय त्याचं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. इतकी वर्षं भांडलो, नाव कधी विचारलंच नव्हतं.

"गुरुजीच म्हणा."

चुलत्याने दरीकडे तोंड केलं आणि पुकारलं, "गुरुजी!"

"व्हता!" सगळे म्हणाले. राग होता तो होताच, पण सगळ्यांत मोठ्याने ओरडलो तो मीच.