दातवाल्यांचा खण

माझ्या मावशीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कॉमिक्सचं दुकान घेतलं, तेव्हा तिने आयुष्यात एकही कॉमिक धड वाचलेलं नव्हतं. सत्तावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसली होती. चावीवाला आणि चष्म्याचं दुकान यांच्यामधला एक चिंचोळा गाळा आतल्या मालासकट विकायला निघाला आणि तिने तो घेतला.

"अगं, निदान वह्या-पेन्सिली तरी ठेव," माझी आई तिला म्हणाली.

"वह्या घेणाऱ्यांचे चेहरे बघितलेस कधी? तक्रारी ऐकून माझे कान किटलेत. मला हसऱ्या चेहऱ्याची गिऱ्हाइकं हवीत."

एक्स्चेंजमध्ये तिला रोज पन्नास वेळा एकच वाक्य म्हणावं लागे, "दोन दिवसांत माणूस येईल." माणूस महिन्याने यायचा, आणि वाक्य म्हणतानाच तिला ते ठाऊक असायचं. त्यामुळे स्वतःच्या दुकानात तिने एक गोष्ट पक्की ठरवली. शब्द दिला की दिला.

तिच्या गल्ल्यामागे चोवीस खणांचं लाकडी कपाट होतं. दर महिन्याला येणाऱ्या एखाद्या मालिकेचा अंक कुणाला हवा असेल, तर तो सांगून जाई. मावशी तेवढी प्रत जास्त मागवायची आणि त्याच्या खणात ठेवायची. खणांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, पण नावं लिहायचा तिला कंटाळा. त्यामुळे 'लाल स्कूटर', 'जुळ्यांचे बाबा', 'फार बोलते ती', असलं काहीतरी आणि खाली फोन नंबर, एवढंच लिहिलेलं असायचं. गिऱ्हाइकांच्या नजरेला ते पडू नये म्हणून कपाटाला पडदा होता.

तिसऱ्या ओळीतला एक खण 'दातवाले' यांचा. दोन गल्ल्या पलीकडे नकली दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत ते कामाला होते. पन्नाशीचा सडसडीत माणूस, बोटांच्या पेरांवर कायम पांढरं प्लास्टर. मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण असलेली एक बाई दर बंदरात एकेक गुन्हा उकलते, अशी मालिका ते घ्यायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी यायचे आणि उभ्याउभ्याच अर्धा अंक वाचून टाकायचे. मग मावशीला गोष्ट सांगायचे. मावशीला वाद घालायची भारी हौस, पण न वाचता वाद तरी कसा घालणार? म्हणून ती ती मालिका वाचायला लागली. मग मंगळवारच्या दुपारी आवाज चढायचे. खुनी कोण यावरून एकदा एवढं वाजलं, की चष्मेवाला घाबरून बघायला आला होता.

आणि मग दातवाले यायचे बंद झाले. एक महिना गेला, दोन गेले. मावशी अंक ठेवत राहिली. सहा झाले, सात झाले.

त्याच सुमारास दुकानातल्या मोरीचा नळ दुरुस्त करायला एक प्लंबर आला. काम करताना पडदा सरकला आणि त्याला ताजा अंक दिसला. "माझी मोठी मुलगी सुट्टीत घरी आली आहे, तिला हा कुठेच मिळाला नाही," तो म्हणाला.

"तो ठेवलेला आहे," मावशी म्हणाली.

"कुणासाठी?"

"एका गिऱ्हाइकासाठी. येतील ते."

"ताई, त्याखाली आणखी सहा दिसतायत. त्यांनाही येतील म्हणूनच ठेवलंत ना?"

मावशीने त्याला चहा पाजला, पण अंक काही दिला नाही. तो पुढच्या आठवड्यात परत येऊन विचारून गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिसऱ्यांदा जाताना हसत म्हणाला, "तुमचं गिऱ्हाईक नशीबवान हो, ताई."

ते वाक्य तिला लागलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने दातवाल्यांच्या घरी फोन लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली. रिसीव्हर ठेवत ती मला म्हणाली, "ते घरातच बसलेत. सत्तावीस वर्षं काढलीत मी. रिकाम्या घरात वाजणारी घंटा मला कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी तिने सात अंक पिशवीत घातले आणि मला बरोबर घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. दातवाले पॉलिशच्या मशीनवर वाकले होते. आम्हाला बघितलं आणि मशीन बंद करायच्या ऐवजी ते आणखी खाली वाकले.

"अहो, दिसताय तुम्ही," मावशी म्हणाली.

त्यांनी मशीन बंद केलं आणि हात पुसत उभे राहिले. मावशीने पिशवी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"बरं नव्हतं का?"

"नाही, तब्येत ठीक आहे."

"मग?"

ते बोटावरचं प्लास्टर खरवडायला लागले. "मला ती आवडेनाशी झाली, ताई. ती जहाजावरची बाई. एका महिन्यात आवडेनाशी झाली, काही कारण नाही."

"मग तसं सांगायचं! माझं काय जातंय?"

"तुम्ही माझ्यामुळे वाचायला लागलात. तुमचा जीव गुंतला होता. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू, की मला नको आता? म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग दोन अंक साठले. मग लाज वाटायला लागली. आता मी मागच्या गल्लीने जातो. आठ मिनिटं जास्त लागतात."

"रोज?"

"रोज. जाताना आठ, येताना आठ."

मावशीने पिशवी परत खांद्याला लावली आणि "येते" एवढंच म्हणून निघाली. मला वाटलं, भडकली. वाटेतल्या बागेच्या कट्ट्यावर ती बसली तेव्हा कळलं की तसं नव्हतं.

"एक म्हातारी होती," ती म्हणाली. "तिचा फोन चार महिने बंद होता. शेजारच्यांकडून रोज दहा वाजता फोन करायची. पहिला महिना मी बोलले तिच्याशी. चांगली होती गं, माझी विचारपूस करायची. मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. दहाच्या ठोक्याला मी टेबलावरून उठायला लागले. पाणी प्यायला. सगळ्यांना वाटायचं, हिला फार तहान लागते."

"मग?"

"मग काय? एक दिवस तिने फोन करणं सोडलं. तिची लाइन सुरू झाली की नाही, मी बघितलंही नाही. बघता आलं असतं. नोंदवही समोर होती."

मी तिच्या खांद्यावरची पिशवी माझ्याकडे घेतली.

त्या आठवड्यात मावशीने पडद्यामागच्या एकूण एक खणाच्या मालकाला फोन केला. पहिलंच वाक्य ठरवून ठेवलं होतं. "घ्यायला या म्हणून फोन केलेला नाही. हवंय की नको, तेवढंच सांगा." नऊ जणांनी नको म्हणून सांगितलं, आणि नऊच्या नऊ जण आधी माफी मागायला लागले. लाल स्कूटर वीस मिनिटं बोलला. जुळ्यांचे बाबा म्हणाले की एकाला हवंय आणि दुसऱ्याला नको, आता तुम्हीच सांगा काय करू. 'फार बोलते ती' मात्र "नको" एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मावशीला तिचाच सर्वांत जास्त धक्का बसला.

मग तिने प्लंबरला बोलावून सातही अंक त्याच्यापुढे ठेवले.

"ताई, उशीर केलात," तो म्हणाला. "पोरगी परत गेली वसतिगृहात. मैत्रिणीकडे वाचला म्हणाली. भिकार निघाला म्हणे."

मावशीने त्याला थांबवून नव्याने आलेली एक वेगळी मालिका दाखवली. त्याने मुलीला विचारून कळवतो म्हणून सांगितलं, आणि खरंच दुसऱ्या दिवशी कळवलं. नको होती.

तेव्हापासून दुकानात पाटी लागली, "अंक एक महिना ठेवू. नको असल्यास जरूर सांगा, चहा मिळेल." आईला ही पाटी वेडेपणाची वाटली. पण लोक यायला लागले. नको म्हणायला आलेली माणसं अर्धा-अर्धा तास बसत, कारण सांगायचं राहिलेलं त्यांच्याकडे बरंच असायचं. खण मात्र निम्मे रिकामे झाले. मावशीने त्यात सुतळी, कात्री आणि स्वतःचा चष्मा ठेवायला सुरुवात केली.

दातवाले तीन महिने आले नाहीत. आधी फक्त समोरच्या रस्त्याने जायला लागले, मान खाली घालून. मग मान वर करून. एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले.

"काही घ्यायचं नाहीये," ते म्हणाले.

"मी कुठे काही देतेय? आत या, उन्हात उभे राहू नका."

ते आत आले. स्टूल पुढे ओढून बसले. मावशीने चहा ओतला आणि दोघं बराच वेळ चावीवाल्याच्या कानशीचा आवाज ऐकत बसले. मग त्यांनी तिला विचारलं, एक्स्चेंजमध्ये नेमकं काय काम असतं हो? आणि मावशी सांगायला लागली.