वहिनींनी बसवलेली अकरा अंडी

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. घरात कोंबड्यांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता वयाच्या या टोकाला ज्यांना सांगायचं त्याच राहिल्या नाहीत, म्हणून कागदावर उतरवतो आहे.

मोठा भाऊ गेल्यावर वहिनी आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा अर्ध्यावरच सगळं संपलं. गावाहून येताना त्यांनी टोपलीत तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. घरामागच्या मोकळ्या पट्टीत खुराडं उभं राहिलं. आमच्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

कोंबडा पहाटे चारलाच सुरू व्हायचा. शेजारचे गृहस्थ फिरून येताना फाटकाशी थांबायचे. "काय साहेब, गाव सोडलंत, पण गजर बरोबर आणलात!" मी हसायचो आणि आत येऊन चडफडायचो. वहिनींना तोंडावर सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

एखादी कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची. वहिनींच्या माहेरी ती लेकुरवाळीच्या हातानं ठेवत. म्हणून दरवेळी त्या माझ्या बायकोला हाक मारायच्या. एकदा मात्र बायकोचे हात कणकेत होते. मी म्हणालो, "तुम्हीच ठेवा की वहिनी. कोंबडा आहे, अंड्यात जीव आहे, पुढचं काम कोंबडीचं. हाताचा काय संबंध?"

"नको भाऊजी. उगं कशाला?"

"ठेवा हो. असलं काही नसतं."

त्यांनी पदराला हात पुसले आणि भुशावर एकेक करून अकरा अंडी ठेवली. आठव्या दिवशी मला हाक मारली. मुठीत अंडं धरून खालून बॅटरी लावली. आत लाल नसांचं जाळं होतं आणि मध्ये एक ठिपका हलत होता. "बघा भाऊजी, लय झ्याक धरलंय!" दोन अंड्यांत काहीच दिसलं नाही. अशा अंड्याला सगळे वांझ म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "ही दोन रिकामी," आणि बाजूला ठेवली.

दोन दिवसांनी वहिनी आणि बायको मनमाडला वहिनींच्या भाच्याच्या लग्नाला गेल्या. कोंबडीचं दाणापाणी माझ्याकडे. त्याच सकाळी शेजारी म्हणाले, "पिल्लं निघणार म्हणे. त्यात कोंबडे किती?" मागून दोघंतिघं हसले.

मी खुराड्यापाशी गेलो. कोंबडीनं मनगटावर टोच मारली, तरी नऊही अंडी काढली आणि फ्रिजमध्ये ठेवली. ती हाताला गरम लागत होती, हे मला आजही आठवतं. कोंबडी रात्रभर रिकाम्या भुशावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी अंडी परत ठेवली, तेव्हा तिनं ती गार अंडी चोचीनं पोटाखाली ओढून घेतली.

मला वाटलं होतं, पिल्लं निघणार नाहीत, वहिनी कंटाळतील आणि हळूहळू हा नाद सुटेल. एवढाच माझा हिशेब.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला. वहिनी खुराड्याला कान लावून बसायच्या. पंचविसाव्या दिवशी त्यांनी एक अंडं फोडलं. आत अर्धवट झालेलं पिल्लू होतं, काळा डोळा उमटलेला.

बायको बोलून गेली, "मी ठेवली असती ना, जाऊबाई."

"व्हय गं. माझ्या हातचं अर्ध्यावरच थांबतं."

मी तिथेच उभा होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हवामान बदललं असेल." हाताचा काय संबंध असं महिन्याभरापूर्वी विचारणारा मीच.

त्या आठवड्यात वहिनींनी कोंबड्या वाटून टाकल्या, कोंबडाही दिला. दिवाळीनंतर त्या मनमाडला भावाकडे गेल्या, त्या कायमच्याच. पहाटे आमची गल्ली शांत झाली. मला झोप लागेनाशी झाली.

मागच्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं. आमच्या इथल्या द्वारका चौकातून बस सुटल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. घरात भाच्याच्या सुनेचं तान्हं बाळ होतं. ती ते वहिनींच्या हातात द्यायला गेली. "घ्या ना, आत्याबाई." वहिनींनी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले. "माझ्याकडं नको गं. पाळण्यात ठेव."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, घरी सगळी बरी ना?"

मी म्हणालो, "बरी आहेत. ऊन फार आहे यंदा." चहा घेतला आणि परतीची बस धरली. पावसाळ्यात त्या गेल्याचा फोन आला.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य असं होतं: वहिनी, तुमच्या हातात काही वाईट नव्हतं. त्या अंड्यांतला जीव मी गारठवून मारला. मला माफ करा.