सत्तर किलोच्या आत

नव्वदच्या सुमारास वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याला कबड्डीचा संघ उभा करायचा होता. निवडलेल्या खेळाडूंना कायम नोकरी आणि कॅन्टीनचं जेवण. मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं डोंबिवलीत घरी बसलेला, आणि वडील मार्चअखेर निवृत्त होणार होते. ही नोकरी मला हवीच होती. अडचण एवढीच की संघ सत्तर किलो वजनी गटातला होता आणि मी अठ्ठ्याहत्तर किलोंचा होतो. हातात दोन महिने होते.

मी डावा कोपरा सांभाळायचो. चढाईला आलेल्याने पाय पुढे टाकला की त्याचा घोटा धरायचा आणि तो मध्यरेषेकडे कितीही झेपावला तरी सोडायचा नाही. या कामाला बुद्धी फारशी लागत नाही, मांड्या लागतात. त्या माझ्याकडे होत्या. आमच्या मंडळाचे प्रशिक्षक खाडीकाठच्या गावातले, एके काळचे नावाजलेले खेळाडू. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी मला बाजारात म्हैस बघतात तसं चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "चालीस मिन्टा. त्याचे वर एक मिनिट नको. पन त्या चालीस मिन्टान जीव काढाचा."

म्हणजे टेकडीच्या चढावर जीव खाऊन धावायचं, चालत खाली यायचं, पुन्हा धावायचं. मग खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन बैठका. आठवड्यातले चार दिवस हे, आणि तीन दिवस चक्क आराम. भात कमी, अंडी-मासळी भरपूर. "खायाचा सोरू नको," मामांनी बजावलं. "मांडी गेली त पकर कशी करशील?"

वाण्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर मी दर रविवारी उभा राहायचो. पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो उतरले. याच चालीने आठव्या आठवड्याला मी बरोबर सत्तरवर आलो असतो, पण इतकं सोपं गणित आमच्या घरात कोणाला पटणं शक्य नव्हतं. आमच्या इमारतीत मुलाला मार्क किती पडले हे नंतर विचारायचे, आधी तो रोज किती तास बसत होता ते विचारायचे. वडील म्हणाले, "चाळीस मिनिटांत दोन किलो, तर दोन तासांत सहा. आणि आठवड्यातून तीन दिवस लोळून कोणाचं भलं झालंय?" मला ते पटलं, हे कबूल करायला हवं. मामा सातवी पास होते आणि मी पदवीधर.

मग रोज पहाटे दोन स्वेटर चढवून मी डोंबिवली ते कल्याण आणि परत धावू लागलो. रविवारीसुद्धा. दोन तास जीव काढता येत नाही. माणूस आपोआप रमतगमत धावू लागतो, फक्त घाम भरपूर येतो. घाम पाहून वडील खूश व्हायचे. अंडी, मासळी बंद झाली, रात्री नुसतं ताक. बैठकांसाठी पायांत त्राण उरेना म्हणून पोतं सुटलं, आणि तोंड दाखवायला नको म्हणून मामांकडे जाणंही सुटलं. आईने माझ्या दोन पँटी आत घेतल्या. जिन्यात भेटेल ती काकू म्हणायची, "अगंबाई, किती छान बारीक झालास रे!" मी लाजून हसायचो.

निवडीच्या दिवशी मी साडेअडुसष्ट किलो भरलो. दीड किलो जास्तच उतरवले होते. मोजणाऱ्या साहेबांनी शाबासकी दिली आणि मला वाटलं, झालं काम.

सामना सुरू झाला. पहिल्याच चढाईत समोरच्याने पाय टाकला, मी घोटा पकडला. पकड अचूक होती. त्याने मला घोट्याला लटकलेल्या अवस्थेत मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर त्याने खाली वळून पाहिलं, मी अजून आहे का म्हणून. लोक हसले. साहेबांनी माझ्या नावावर काट मारली ती मला मैदानातून दिसली.

मामा सामना बघायला आले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझी मांडी हाताने चाचपली आणि मान हलवली. मी विचारलं, "मामा, आणखी काय करायला हवं होतं?"

"काय नाय रं. तीन दिस घरा बसाचा होता."

तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. आळसाने नोकरी गेली असती तर घरी सांगता आलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण पहाटे चारला उठून, उपाशी राहून, रोज घाम गाळून ती मीच घालवली होती, आणि ते ज्यांना सांगायचं होतं ते वडील पुढच्या महिन्यात घरी बसणार होते.

संध्याकाळी ते दारातच उभे होते. मी म्हटलं, "नाही झालं. मेहनत कमी पडली."

"तरी मी सांगत होतो," ते म्हणाले, आणि मला आत घेऊन पाटावर बसवलं.